ओपीजीच्या तळाशी असलेली रेघ

बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीत एखाद्याची दाढ ठणकू लागली की आधी लवंग, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, मग चार दिवस वाट, असे टप्पे होतात आणि गाल सुजल्यावर महामार्गावरून नांदुरा, मलकापूर नाहीतर खामगाव गाठले जाते. दंतवैद्य दाढ ठोकून पाहतो, छोटा एक्स-रे काढतो. एकदम चार-सहा दात बिघडलेले असतील, अक्कलदाढ आडवी असेल किंवा कवळीचा विचार असेल, तर तो ‘ओपीजी’ काढून आणायला सांगतो. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोन्ही जबडे उलगडून दाखवणारा हा आडवा एक्स-रे. त्यावर बोट ठेवून खराब दाढ दाखवली जाते, पेशंट मान डोलावतो, दाढ निघते आणि फिल्म पाकिटात घालून घरी जाते. त्या फिल्मवर खालच्या जबड्याच्या काठाने एक पांढरी रेघ धावत असते. तिच्याकडे बहुतेक वेळा कोणी पाहिलेले नसते. पन्नाशीकडे झुकलेल्या किंवा पाळी थांबलेल्या बाईचा ओपीजी निघाला, की ही रेघ पाहणे आणि तिच्याविषयी एक ओळ लिहून देणे हा दंतवैद्याच्या कामाचाच भाग मानला गेला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. हाडांच्या घनतेची तपासणी जिथे सहजी मिळत नाही, अशा भागात तर याची सुरुवात आधी झाली पाहिजे.

ही रेघ म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाची टणक भिंत. कुठल्याही हाडाला बाहेरून घट्ट कवच आणि आत जाळीदार भाग असतो, तसा तो जबड्यालाही असतो. हाडे ठिसूळ होऊ लागली की झीज आधी आतल्या जाळीत जोरात होते हे खरे, पण साध्या एक्स-रेवर जाळीतले नुकसान फार उशिरा दिसते. अमेरिकेत बेंडर आणि सेल्झर यांनी १९६१ साली जबड्याच्या हाडात मुद्दाम पोकळ्या कोरून त्यांचे एक्स-रे काढले. पोकळी जाळीपुरती असेपर्यंत चित्रात जवळपास काहीच उमटेना, कवचाला धक्का लागला तेव्हाच ती दिसू लागली. हाडातले साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फरक कळत नाही, असे दंतमहाविद्यालयांत शिकवले जाते, त्याच्या मुळाशी याच धाटणीचे प्रयोग आहेत. मग वाचायचे काय, तर कवच. तेही दातांच्या मुळांभोवतीचे नव्हे. दात काढला की त्याच्या भोवतालचे हाड स्थानिक कारणाने झिजते, हिरडीच्या आजारात झिजते, कवळीच्या दाबाने झिजते. टालग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २५ वर्षांच्या पाहणीत कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट निघाली. ती झीज तोंडातल्या घडामोडी सांगते, सांगाड्याच्या नव्हे. जबड्याचा तळाचा काठ मात्र दातांच्या या भानगडींपासून बराच अलिप्त असतो. सगळ्या शरीराच्या हाडांवर जे गुदरते त्याची खूण उमटण्याची शक्यता तिथे अधिक असते, म्हणून संशोधकांची नजर त्या काठावर स्थिरावली.

त्या काठाचे वाचन दोन प्रकारे होते. फिनलंडच्या क्लेमेट्टी यांनी १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह नुसत्या डोळ्यांनी करायची विभागणी मांडली. कवचाची आतली कड सलग आणि धारदार असेल तर पहिला प्रकार, तिला अर्धचंद्राकृती खाचा पडल्या असतील तर दुसरा, आणि कवचच सच्छिद्र, थराथरांचे दिसू लागले तर तिसरा. दुसरे वाचन मोजपट्टीचे आहे. हनुवटीच्या बाजूला, उपदाढांच्या खाली, जबड्यातून नस बाहेर पडते ते छिद्र ओपीजीवर दिसते. त्याच्या सरळ खाली कवचाची जाडी मोजायची. मँचेस्टरचे कीथ हॉर्नर आणि ह्यू डेव्हलिन यांच्या पुढाकाराने युरोपातल्या पाच केंद्रांनी ‘ऑस्टिओडेंट’ नावाचा प्रकल्प राबवला. त्यात ४५ ते ७० वयाच्या ६७१ स्त्रियांच्या ओपीजींची त्यांच्या कंबरेच्या व खुब्याच्या हाडांच्या घनतेशी तुलना झाली. त्यातून साधारण ३ मिलिमीटरचा उंबरठा पुढे आला. जाडी त्याखाली असेल तर बाईला पुढच्या तपासणीला पाठवा, असा तो सल्ला. जपानमध्ये अकिरा तागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने वर्षानुवर्षे काम केले आणि दवाखान्यातल्या सामान्य दंतवैद्याला ही रेघ वाचायला शिकवता येते का, हेही तपासले. थोडक्यात, ही कल्पना नवी नाही. तिच्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही आणि ती एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातून आलेली नाही.

एवढे असून ती आपल्याकडे दवाखान्यात का उतरली नाही, याचे पहिले कारण सरळ आहे. ही चाचणी फारशी अचूक नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. ३ मिलिमीटरचा कडक उंबरठा धरला तर ज्यांना ‘जा, तपासून घ्या’ म्हटले जाते त्यांच्यापैकी बऱ्याच जणींची हाडे खरोखर विरळ निघतात, पण हाडे विरळ झालेल्या अनेक जणी या चाळणीतून निसटतात. उंबरठा वाढवला तर निसटणाऱ्या कमी होतात, पण उगाच घाबरवल्या जाणाऱ्या वाढतात. शिवाय ओपीजी हे चित्र मुळातच मोठे करून दाखवणारे. यंत्रागणिक ते कमीजास्त मोठे होते, हनुवटी थोडी वर-खाली झाली तरी काठ पसरतो किंवा आकसतो. मिलिमीटरच्या दशांशावर भांडायचे ते हे चित्र नव्हे. मग अशा ढोबळ खुणेचा आग्रह कशाला, असे एखादा हाडांचा डॉक्टर विचारील आणि त्याचा प्रश्न रास्त असेल.

त्याचे उत्तर चाचणीच्या गुणवत्तेत शोधण्याआधी, या भागात ती नसेल तर दुसरे काय आहे, ते पाहावे लागते. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ होण्याचा आजार, ठरवण्याची जगभर मानलेली रीत म्हणजे ‘डेक्सा’ यंत्रावर हाडांची घनता मोजणे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिचा निकष ठरवून दिला: तरुण वयातल्या सरासरीपेक्षा घनता अडीच प्रमाण विचलनांनी किंवा त्याहून खाली. आपल्याकडे ही यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटली आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावात राहणारी, कपाशी वेचणारी, सोयाबीन सोंगणारी साठीतली बाई कंबर दुखते म्हणून त्या यंत्रापर्यंत जाईल ही अपेक्षाच अवास्तव आहे. कंबर तर सगळ्यांचीच दुखते. ती न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते, आणि मग पहिल्यांदा ‘हाडे ठिसूळ झालीत’ हे शब्द घरात येतात. मधल्या काळात गावोगाव येते ते मोफत हाड-तपासणी शिबीर, टाचेवर ध्वनिलहरींचे छोटे यंत्र लावणारे आणि जाताना कॅल्शियमच्या गोळ्यांची चिठ्ठी देणारे. टाचेच्या त्या आकड्यावरही निदान करता येत नाही, तरी त्याला कोणी हरकत घेत नाही. ढोबळ खूण नको म्हणणाऱ्यांनी आधी या शिबिरांकडे पाहावे.

गरज किती आहे हे ठरवायला वेगळे सर्वेक्षण नसले तरी दिशा दाखवणाऱ्या गोष्टी समोर आहेत. भारतीय स्त्रीची पाळी पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी, साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे इस्ट्रोजेनचे संरक्षण तेवढे लवकर जाते. त्यात शस्त्रक्रियेने आणलेल्या अकाली रजोनिवृत्तीची भर. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. नैतिकतेची, ठेकेदारीची, खासगी रुग्णालयांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. पण तिशी-पस्तिशीत अशी शस्त्रक्रिया झालेल्या, आणि तीत बीजाशयही गेलेल्या बाईच्या हाडांचे पन्नाशीत काय होते, हा प्रश्न जवळपास कोणी विचारला नाही. हाडांचे नुकसान दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले तेव्हा आयसीएमआरची पथके दाखल झाली, पाण्याचे आणि धान्याचे नमुने गेले, देशभर चर्चा झाली. ते योग्यच झाले. पण टक्कल दिसते, तसा विरळ झालेला मणका दिसत नाही. तो फक्त एक्स-रेवर दिसतो, आणि बाईचा एकमेव एक्स-रे कित्येकदा दातासाठी काढलेला असतो.

इथे एक अधिक अडचणीचा आक्षेप येतो आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. आशियाई स्त्रियांसाठी २००१ मध्ये एक साधे सूत्र मांडले गेले: किलोतल्या वजनातून वय वजा करा आणि उत्तराला ०.२ ने गुणा. ६५ वर्षांच्या आणि ४० किलो वजनाच्या बाईचे उत्तर उणे ५ येते, ते जास्त जोखमीच्या गटात मोडते. ५२ वर्षांच्या, ६० किलोच्या बाईचे उत्तर अधिक १.६, जोखीम कमी. यासाठी ना एक्स-रे लागतो ना दंतवैद्य, आशाताईंच्या वजनकाट्यावर भागते. जोखीम असलेली बाई शोधण्यात हे सूत्र जबड्याच्या रेघेला सहज टक्कर देते. मग ओपीजीच्या मागे का लागायचे? कारण असे, की या दोन खुणा वेगवेगळ्या बाजूंनी चुकतात. वय-वजनाचे सूत्र भरपूर बायकांना जोखमीत टाकते. आपल्याकडे साठीच्या पुढच्या सडपातळ बायकांची संख्या पाहता जवळजवळ सगळे गावच त्यात जाईल, आणि सगळ्यांना शहरात धाडणे म्हणजे कोणालाच न धाडणे. जबड्याच्या रेघेचा स्वभाव उलटा. ती थोड्यांनाच निवडते, पण निवडते त्यांच्याबाबतीत बऱ्यापैकी बरोबर असते. ऑस्टिओडेंट प्रकल्पानेही रेघेची जाडी आणि जोखमीची प्रश्नावली एकत्र वापरून पाहिली, तेव्हा उगाच पाठवल्या जाणाऱ्यांची संख्या घटवता येते असे दिसले. वजनकाटा सगळ्यांसाठी असावा, आणि ज्यांचा ओपीजी कुठल्याही कारणाने निघालाच आहे त्यांच्यासाठी रेघ. ज्या बाईत दोन्ही खुणा जुळतील तिने अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाण्याचा खर्च करावा, असे सांगताना मग डॉक्टरची जीभ अडखळणार नाही.

‘निघालाच आहे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ हाडांसाठी ओपीजी काढावा असे मी म्हणत नाही, कोणी म्हणत असेल तर त्याला विरोध करावा. किरणांची मात्रा थोडी असते, साधारण १० ते २५ मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला दोन-चार दिवसांत मिळते तेवढी. तरीही कारणाशिवाय एक्स-रे नाही, हा नियम मोडण्याइतकी ही चाचणी थोर नाही. पण किरणे देऊन झाली आहेत, पैसे भरून झाले आहेत, चित्र हातात आहे, आणि त्यातला अर्धा मजकूर न वाचता ते पाकिटात जाते, हे मात्र खटकते.

उंबरठा युरोपातल्या बायकांचा आहे, हा आक्षेपही खरा आहे. आपल्याकडच्या बांध्याने लहान असलेल्या बाईचे कवच मुळातच पातळ असणार, मग ३ मिलिमीटर तिला लावणे अन्यायाचे होईल. म्हणूनच पहिल्या टप्प्यात आकड्यापेक्षा क्लेमेट्टीच्या डोळ्यांनी करायच्या वाचनावर भर द्यावा असे मला वाटते. आतली कड सलग आहे की कुरतडल्यासारखी, हे पाहताना बांध्याचा आणि चित्राच्या मोठेपणाचा परिणाम तुलनेने कमी होतो. दोन दंतवैद्यांचे एकाच कडेविषयी एकमत होत नाही ही त्या रीतीची खोड आहे, विशेषतः पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या सीमेवर. तिसऱ्या प्रकाराबाबत मात्र मतभेद कमी होतात, आणि आपल्याला सुरुवातीला तोच हवा आहे. वऱ्हाडातल्या बायकांचे स्वतःचे मापदंड बनवणे अवघड नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, सावंगी मेघेच्या आणि अमरावतीच्या महाविद्यालयांत ओपीजी रोजच निघतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली पदव्युत्तर प्रबंधांसाठी दरवर्षी विषय शोधले जातात. त्यांतले थोडे प्रबंध जरी एकाच पद्धतीने, एकमेकांना जोडता येतील असे आखले गेले, तरी काही वर्षांत आपला उंबरठा आपल्या हाती येईल. आज होते ते असे, की प्रत्येक जण थोड्या फिल्म घेऊन स्वतंत्र प्रबंध लिहितो आणि तो ग्रंथालयात बांधून ठेवला जातो.

या भागात रेघ पातळ दिसण्याला आणखी एक कारण असू शकते, आणि युरोपातल्या संशोधनाला त्याची फिकीर करावी लागली नव्हती. पूर्णेचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बातम्या कित्येक वर्षे येत आहेत. त्याला पाणी किती जबाबदार, इतर गोष्टी किती, हा वेगळा वाद. इथे मुद्दा असा, की मूत्रपिंड दीर्घकाळ नीट चालेनासे झाले की ड जीवनसत्त्वाचे आणि कॅल्शियमचे गणित बिघडते, पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागतात आणि हाडातून कॅल्शियम ओढले जाते. याची खूण जबड्यात लवकर उमटते: तळाचे कवच पातळ होते, दाताच्या मुळाभोवतीची बारीक पांढरी रेषा पुसट होते, हाड काचेच्या भुकटीसारखे धूसर दिसू लागते. अशा बाईला ‘हाडे ठिसूळ झालीत’ म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या देणे अपुरे, कदाचित घातकही. म्हणजे दंतवैद्याच्या त्या एका ओळीने निदान सांगायचे नाही. ‘जबड्याच्या कवचात झीज दिसते, कारण शोधावे’ इतकेच तिने म्हणायचे, आणि शोधणाऱ्याने डेक्साच्या आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासायचे. ती तपासणी तालुक्यात होते. उलट दिशेचा धोका यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या गावांत आहे. तिथे सांगाड्याला फ्लोरोसिस झाला की हाड एक्स-रेवर अधिक पांढरे, अधिक घट्ट दिसते, आणि तरीही ते ठिसूळ असू शकते. पांढरे म्हणजे बळकट, हे समीकरण तिथे साफ कोसळते.

आणि नेमके हेच समीकरण शहरांतल्या दंत-दवाखान्यांच्या पाट्यांवरून सर्रास विकले जात आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘तुमच्या जबड्याच्या हाडाचा दर्जा थ्रीडी स्कॅनवर तपासा’ अशी जाहिरात इम्प्लांटसोबत येते. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा खिळा, आणि तो घट्ट बसेल का हे हाडावर ठरते, इथपर्यंत ठीक. हाडाच्या दर्जाचे चार प्रकार लेकहोल्म आणि झार्ब यांनी १९८५ मध्ये मांडले. त्यात एक्स-रेइतकेच महत्त्व छिद्र पाडताना हाताला लागणाऱ्या विरोधाला होते. कार्ल मिश यांनी तर त्या विरोधाची तुलना ओकचे लाकूड, पाइनचे लाकूड, बाल्सा आणि थर्मोकोल यांच्याशी केली आणि पुढे प्रत्येक प्रकाराला सीटी स्कॅनवरचे आकडे जोडले: पहिल्या प्रकाराला १२५० हाउन्सफील्ड एककांच्या वर, चौथ्याला १५० ते ३५०. हे आकडे मोठ्या सीटी यंत्राचे. दंत-दवाखान्यात थ्रीडी स्कॅनसाठी असते ते कोन-बीम यंत्र. त्याच्या करड्या छटा एका यंत्रावर एक, दुसऱ्यावर दुसरीच, शेजारी धातूचा दात असला की तिसरीच. त्या छटांना हाउन्सफील्डचा मुलामा देऊन पेशंटला ‘तुमचे हाड डी-थ्री’, म्हणजे तिसऱ्या प्रकारचे, ‘आहे’ असे सांगणे शास्त्राला धरून नाही. हाडाची उंची आणि रुंदी मोजायला, नस किती दूर आहे हे पाहायला कोन-बीम स्कॅन उत्तमच. हाडाच्या दर्जाचे प्रमाणपत्र द्यायला मात्र नाही.

मग कोणी म्हणेल, इम्प्लांटवाल्याने चित्रावरून हाडाचा दर्जा सांगितला तर तुम्हाला चालत नाही, आणि साध्या ओपीजीवरून गावातल्या बाईच्या हाडांविषयी बोलायला तुम्ही दंतवैद्याला भाग पाडता, ही विसंगती नाही का? मला ती दिसत नाही, कारण दोन्हीकडे चित्रानंतर काय होते ते वेगळे आहे. एकीकडे चित्रावरून थेट निर्णय होतो, हाड-भरणीचा खर्च वाढतो, आणि आकडा चुकीचा होता हे पेशंटला कधीच कळत नाही. दुसरीकडे चित्र फक्त पुढच्या, अधिक भरवशाच्या तपासणीकडे बोट दाखवते. चूक झाली तर ती डेक्साच्या टेबलावर उघड होते. ढोबळ साधनाने शेवटचा शब्द बोलू नये, पहिला बोलायला काय हरकत आहे? कृत्रिम बुद्धिमत्तेने ओपीजी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मी हीच कसोटी लावीन. कडेचे सलगपण ओळखणे हे यंत्राला जमणारे काम आहे. कोरिया-जपानमधल्या फिल्मांवर तशा प्रणाली चांगल्या चालतात असे अभ्यास आहेत. पण त्या फिल्मा तिथल्या बायकांच्या आणि तिथल्या यंत्रांच्या. मलकापूरच्या एखाद्या केंद्रातल्या जुन्या यंत्रावर, मान वाकडी ठेवून काढलेल्या चित्रावर तेच सॉफ्टवेअर काय म्हणेल, हे इथल्या डेक्साशी ताडून पाहिल्याखेरीज त्याने दिलेली टक्केवारी पेशंटच्या हातात पडू नये.

दंतवैद्यांची तक्रार वेगळी असेल. दाढ काढायचे पैसे मिळतात किती, त्यात हाडांचा अहवाल कोण लिहीत बसणार, आणि लिहिला व चुकला तर ग्राहक मंचात कोण उभे राहणार? त्यांच्या बाजूने बोलायचे तर आज त्यांच्यावर हे बंधन नाही, आणि बंधन नसताना लिहिणाऱ्यालाच जोखीम वाटणार. म्हणून ही ओळ वैयक्तिक सद्भावनेवर सोडू नये. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेने ओपीजीच्या अहवालाचा एक नमुना ठरवून द्यावा. त्यात दात, मुळे, अक्कलदाढ, सायनस यांच्यासोबत तळाच्या कवचाचा एक रकाना असावा, आणि ‘ही नोंद निदान नाही’ हे वाक्य छापलेलेच असावे. रकाना भरायला अर्धा मिनिट लागतो. ओपीजी काढणारी केंद्रे बहुतेक वेळा फिल्म देतात, लेखी अहवाल देत नाहीत. तो आधी द्यायला लावावा लागेल, आणि खरे भांडण तिथे होईल. सरकारी बाजूला राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगासाठी चाळणी करण्याचे काम आशा आणि आरोग्य सेविका करतातच. खर्ऱ्याच्या या मुलुखात तोंड उघडून पाहणे अत्यावश्यकच आहे. त्याच भेटीत पाळी कधी गेली, गर्भपिशवी काढली आहे का, साध्या पडण्याने हाड मोडले आहे का, हे तीन प्रश्न आणि वजन-वयाचे सूत्र बसू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झालेल्या दहा वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचे होते. तिथे एक डेक्सा यंत्र, आणि ओपीजीवर खूण असलेल्या बाईला ती तपासणी मोफत, एवढे झाले तरी दंतवैद्याच्या चिठ्ठीला जाण्यासाठी पत्ता मिळेल. पत्ता नसलेली चिठ्ठी देण्याला मी स्वतः विरोध करीन. उपाय न देता भीती पसरवणे हे आरोग्यसेवेचे काम नव्हे.

दंतवैद्याचा यात स्वतःचाही लाभ आहे, आणि तो केवळ सदिच्छेचा नाही. ठिसूळ हाडांवर अलेंड्रोनेटसारखी आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचे वर्षातून एकदा घ्यायचे इंजेक्शन दिले जाते. या औषधांनंतर दात काढला तर जबड्याचे हाड उघडे पडून भरून न येण्याचा धोका असतो, हे अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये निदर्शनास आणून दिले. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हा धोका फारच कमी, कर्करोगाच्या मात्रेत बराच जास्त. त्यामुळे चिठ्ठी दोन्ही दिशांनी जायला हवी. दंतवैद्याने रेघ पाहून बाईला पाठवावे, आणि हाडांच्या डॉक्टरने औषध सुरू करण्यापूर्वी तिला परत दंतवैद्याकडे धाडून किडलेल्या, हलणाऱ्या दाढा आधी काढून घ्यायला सांगावे. सध्या इंजेक्शन आधी होते आणि दाढ नंतर ठणकते. तेव्हा पेशंट नांदुऱ्याच्या दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेली असते आणि तिला कोणते औषध दिले होते हे तिच्या पिशवीतल्या कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते.